कर्करोग बरा झाल्यानंतर

एकेकाळीं कर्करोग हें नांव उच्चारल्याबरोबर ऐकणाराच्या मनांत एकच विचार येत असे, आणि तो म्हणजे मरणाचा. रोग्याचे आप्त आपसांत बोलतांनाहि त्याचें नांव घेत नसत; ‘तो रोग’ एवढेंच म्हणत. ज्या रोगांतून क्वचित् कोणी वांचे, त्या रोगांतून वांचलेल्या माणसाचें तीस वर्षांनंतर काय होतें, हा प्रश्न विचारण्याची गरजच कोणास पडली नव्हती. आज ती गरज पडली आहे, आणि ती पडावी ही गोष्ट मूलतः आनंदाचीच आहे. बालपणीं या रोगांतून उठलेलीं मुलें शिक्षण संपवून संसाराला लागलीं आहेत. स्तनाच्या कर्करोगांतून बऱ्या झालेल्या स्त्रिया नातवंडें खेळवीत आहेत. अशा माणसांची संख्या जगांत आतां कोट्यवधि आहे. परंतु ज्या उपचारांनीं त्यांना वांचविलें, त्या उपचारांची कांहीं खूण त्यांच्यापैकीं अनेकांच्या देहांत राहून जाते, आणि ती कधीं कधीं दहा, वीस किंवा तीस वर्षांनीं प्रकट होते. ही खूण कशी पडते, ती वेळींच कशी ओळखावी, आणि त्यासाठीं रोगमुक्त माणसानें व त्याच्या घरच्या मंडळींनीं काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबईंत परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं. त्या काळीं कर्करोगावर खरे उपाय दोनच होते; एक शस्त्रक्रिया आणि दुसरा रेडियम अथवा क्ष-किरण. हे दोन्ही उपाय एका ठिकाणीं असलेल्या गांठीवर चालत. रोग रक्तांत किंवा सर्वांगांत पसरलेला असला म्हणजे डॉक्टरांना हात टेंकावे लागत. रक्ताचा तीव्र कर्करोग झालेलीं मुलें तर कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेंत बॉस्टन येथें डॉ. सिडने फार्बर यांनीं अशा मुलांना ‘अमिनॉप्टेरिन’ हें औषध देऊन पाहिलें. तें औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेंत तयार झालें, तेथील संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगड सुब्बाराव हे आंध्रांत जन्मलेले शास्त्रज्ञ होते. जून १९४८ मध्यें फार्बर यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. १६ मुलांपैकीं १० मुलांच्या प्रकृतींत सुधारणा दिसून आली होती. ती सुधारणा टिकली नाहीं. तथापि औषधानें हा रोग मागें हटतो, एवढें सिद्ध झालें.

पुढें १९६२ मध्यें अमेरिकेंतच मेम्फिस येथें सेंट ज्यूड रुग्णालय निघालें. तेथें डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनीं एका औषधाऐवजीं अनेक औषधें एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धति बसविली. मेंदूच्या आवरणांत दडून बसणाऱ्या रोगपेशींचा नाश व्हावा म्हणून डोक्यावर किरण सोडण्याचा उपचारहि त्यांनीं तिला जोडला. १९७० च्या सुमारास अशा मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं मुलें कायमचीं बरीं होऊं लागलीं. आज चांगलीं साधनें असलेल्या देशांत हेंच प्रमाण शेंकडा ८० च्या वर गेलें आहे. मात्र हीं मुलें जसजशीं मोठीं होऊं लागलीं, तसतसा एक नवाच प्रश्न डॉक्टरांपुढें उभा राहिला. रोग गेला होता, पण मूल पूर्वीसारखें राहिलें होतें काय? १९७५ मध्यें डॉ. ज्युलिओ डॅन्जिओ या अमेरिकन तज्ज्ञांनीं बालकांच्या कर्करोगाविषयीं लिहितांना, नुसता रोग बरा करणें पुरेसें नाहीं, हा विचार ठामपणें मांडला. आज वाढलेल्या एका मोठ्या शास्त्राचें बीज या विचारांत आहे.

उपचाराची खूण देहांत कां राहते, हें समजण्यासाठीं रोगाचें स्वरूप प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. कर्करोगाची पेशी ही कोणी बाहेरून आलेला शत्रु नव्हे. ती देहाचीच पेशी. फक्त वाढीचें बंधन झुगारून बेसुमार वाढूं लागलेली. हिवतापाचा किंवा क्षयाचा जंतु आणि माणसाची पेशी यांची घडण भिन्न असल्यामुळें जंतूला मारणारें औषध माणसाला बहुधा फारसें बाधत नाहीं. कर्करोगांत ही सोय नाहीं. उभ्या पिकांत हरळी माजली म्हणजे शेतकरी ती खणून काढतो, तेव्हां हात कितीहि जपून चालविला तरी पिकाचीं कांहीं मुळें दुखावतातच. हरळी तशीच ठेवावी तर पीकच हातचें जातें. कर्करोगाच्या उपचाराची स्थिति अशीच आहे.

या उपचारांपासून होणारा त्रास तीन प्रकारचा असतो. पहिला तात्पुरता, केंस गळणें, तोंड येणें, ओकाऱ्या होणें, रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होणें हा त्रास सर्वांच्या डोळ्यांना दिसतो आणि औषध थांबल्यावर बहुधा निघून जातो. दुसरा, उपचाराच्या काळांत सुरू होऊन पुढेंहि रेंगाळणारा. हातापायांची बधिरता, कानांचें मंदत्व, न जाणारा थकवा हे त्याचे नमुने होत. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. उपचार संपतात, माणूस धडधाकट होतो, वर्षांमागून वर्षें जातात, आणि मग एखाद्या इंद्रियाची उणीव हळूहळू उघडी पडते. याचें कारण असें कीं, केंस, त्वचा, आंतड्याचें अस्तर यांच्या पेशी सदोदित नव्या होत असतात. त्यांचें नुकसान भरून निघतें. हृदयाच्या स्नायूच्या पेशी मात्र जवळजवळ बदलत नाहींत. त्यांतील कांहीं नष्ट झाल्या तर उरलेल्यांना जन्मभर अधिक ओझें वाहावें लागतें. किरणांमुळें बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सावकाश जाड होत जातात. तें काम वर्षानुवर्षें चालतें. आणि पेशीच्या गाभ्यांत आनुवंशिक द्रव्याला किरणांचा किंवा औषधाचा धक्का लागला असेल, तर त्यांतून नवा कर्करोग उद्भवण्यासहि दीर्घ काळ लागतो.

प्रथम हृदयाचें उदाहरण घेऊं. १९६० नंतरच्या दशकांत इटलींतील संशोधकांनीं मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून ‘डॉक्सोरुबिसिन’ हें औषध मिळविलें. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ‘एड्रियामायसिन’ असेंहि नांव पडलें. त्याचा रंग तांबडा असल्यामुळें रुग्ण त्याला ‘लाल औषध’ म्हणूनच ओळखतात. रक्ताच्या, स्तनाच्या, हाडांच्या आणि इतर अनेक कर्करोगांवर तें अत्यंत गुणकारी ठरलें. परंतु थोड्याच वर्षांत दिसून आलें कीं, कांहीं रुग्णांचें हृदय त्यामुळें अशक्त होतें. १९७९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत औषधाच्या एकूण मात्रेचा आणि या विकाराचा संबंध मांडला गेला. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागें एकंदर ४०० मिलिग्रॅम औषध गेलेल्या रुग्णांत हृदय निकामी होण्याचें प्रमाण शेंकडा ३ होतें, ५५० मिलिग्रॅमला तें ७ झालें, आणि ७०० मिलिग्रॅमला १८ वर गेलें. म्हणजे धोका आहे कीं नाहीं, याचें उत्तर ‘औषध एकूण किती गेलें’ या एका आंकड्यावर बरेंच अवलंबून आहे. तो आंकडा रुग्णाच्या मुद्रेवर लिहिलेला नसतो. तो फक्त कागदावर असतो.

बालपणीं हें औषध घेतलेल्या मुलांत आणखी एक अडचण असते. देह वाढतो तसें हृदयानेंहि वाढावें लागतें. पेशी कमी पडल्या तर त्याची भिंत पातळ राहते. खेळतांना, शिकतांना कांहींच जाणवत नाहीं. पण मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली म्हणजे देहांतील रक्ताचें प्रमाण जवळजवळ दीडपट होतें, आणि तें ओझें तिच्या हृदयाला पेलेनासें होऊं शकतें. अशा वेळीं लागणारी धाप ‘गरोदरपणांत असें व्हायचेंच’ म्हणून सोडून दिली जाते. तिनें लहानपणीं लाल औषध घेतलें होतें, हें डॉक्टरांना आधींच ठाऊक असेल, तर हृदयाची ‘इको’ तपासणी करून वेळींच औषध सुरू करतां येतें. ही तपासणी करतांना दुखत नाहीं आणि तिला फार वेळहि लागत नाहीं. अधिक मात्रा मिळालेल्या माणसानें ती साधारणतः दर दोन वर्षांनीं आणि मध्यम मात्रा मिळालेल्यानें दर पांच वर्षांनीं करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

दुसरें उदाहरण किरणांचें. सामान्य लोक या उपचाराला ‘लाइट देणें’ किंवा ‘शेक देणें’ म्हणतात. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें डॉ. हेन्री कॅप्लन यांनीं १९५६ मध्यें वेगवान विद्युत्कणांच्या यंत्रानें किरणोपचार सुरू केला, आणि पुढें हॉजकिनच्या रोगावर त्याचा मोठा उपयोग झाला. हा रोग लसिकाग्रंथींचा. तो पुष्कळदां ऐन तारुण्यांत येतो. मान, काख आणि छाती यांवर भरपूर किरण देऊन असंख्य तरुण वांचविले गेले. पंधरा-वीस वर्षें गेलीं आणि मग असें आढळलें कीं, ज्या मुलींच्या छातीवर कोंवळ्या वयांत किरण पडले होते, त्यांच्यापैकीं कित्येकींना तिशी-चाळिशींतच स्तनाचा कर्करोग होऊं लागला. कांहीं पुरुषांना व स्त्रियांना अकालीं हृदयविकाराचा झटका आला. मानेंतील थायरॉइड ग्रंथि मंदावल्यामुळें अनेकांना थंडी, सुस्ती आणि जाडी यांनीं गांठलें. म्हणून आतां असा दंडक घालून दिला आहे कीं, लहानपणीं किंवा तरुणपणीं छातीवर किरण घेतलेल्या स्त्रीनें आपली तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून, किंवा किरण घेतल्यानंतर ८ वर्षांनीं, यांपैकीं जें नंतर येईल तेव्हांपासून, दरवर्षीं करून घ्यावी. इतर स्त्रियांना जी तपासणी चाळिशी-पन्नाशींत सांगितली जाते, ती हिला पंचविशींत लागते. पंचविशींतल्या मुलीनें ही तपासणी मागितली तर अपरिचित डॉक्टर चकित होईल. कारण समजल्यावर तोच ती आग्रहानें करवील.

तिसरें उदाहरण मेंदूचें, आणि तें शाळेशीं निगडित आहे. रक्ताच्या कर्करोगासाठीं किंवा मेंदूंतील गांठीसाठीं ज्या लहान मुलांच्या डोक्यावर किरण सोडले गेले, त्यांच्यापैकीं कांहींची स्मृति, एकाग्रता आणि कामाचा वेग पुढें कमी पडला. मूल जितकें लहान आणि मात्रा जितकी मोठी, तितका परिणाम अधिक. असें मूल समजूतदार असतें, बोलणें नीट असतें. पण फळ्यावरील उतारा वेळेंत उतरून होत नाहीं, तोंडी हिशेब जमत नाहींत. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीला धक्का पोहोंचला असेल तर उंचीहि खुंटते. दुसऱ्या कांहीं मुलांना ‘सिसप्लॅटिन’ हें औषध दिलेलें असतें. त्यामुळें कानांत प्रथम उंच पट्टीचे आवाज कमी होतात. बोललेलें ऐकूं येतें, पण ‘स’, ‘श’ यांसारखीं अक्षरें निसटतात. वर्गाच्या गलबल्यांत त्याला शब्द अर्धवट कळतो आणि तें चुकीचें उत्तर देतें. शिक्षकाला वाटतें मुलाचें लक्ष नाहीं. आईबापांना वाटतें आजारपणांत लाड झाल्यामुळें तें आळशी बनलें. मुलाला पुढच्या बांकावर बसविणें, लिहिण्यास अधिक वेळ देणें, श्रवणयंत्र लावणें हे उपाय साधे आहेत. पण मुलाचा पूर्वीचा उपचार शाळेला कळविलाच नसेल तर हे उपाय सुचणार कोणाला? मग औषधाच्या परिणामाबद्दल मुलाला शिक्षा भोगावी लागते.

महाराष्ट्रांत तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांच्या व्यसनामुळें तोंडाचा कर्करोग फार आढळतो, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख अवश्य आहे. तोंडावर व मानेवर किरण घेतल्यानंतर लाळेच्या ग्रंथी सुकतात. भाकरीचा घांस पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागतो. लाळ ही दांतांची राखणदार. ती गेली कीं दांत झपाट्यानें किडतात. जबडा आंखडून तोंड पुरतें उघडेनासें होतें. त्यासाठीं सांगितलेला व्यायाम नियमानें न केल्यास तो आणखी आंखडतो. सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. किरणांमुळें जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. पांच-दहा वर्षांनीं दाढ दुखूं लागली म्हणून माणूस जवळच्या दंतवैद्याकडे जातो, आणि पूर्वी लाइट घेतलेला होता हें न सांगतां दाढ उपटून घेतो. ती जखम भरत नाहीं. हाड उघडें पडून सडूं लागतें. यासाठीं किरणोपचाराच्या आधींच दांत तपासून वाईट दांत काढून टाकतात, आणि नंतर दांत काढणें टाळून शक्य तोंवर तो भरून वांचवितात. दंतवैद्याला सांगितलेलें एक वाक्य येथें जबडा वांचवूं शकतें.

स्तनाच्या कर्करोगांत काखेंतील गांठी काढलेल्या असल्या, तर त्या बाजूचा हात पुढें केव्हांहि सुजूं शकतो. कारण हातांतील लसिका वर वाहून नेणारा मार्गच तुटलेला असतो. अशा हाताला विळीनें कापलें, चुलीचा चटका बसला, किंवा कांटा रुतला, तर ती जखम क्षुल्लक मानूं नये. हात तांबडा व ऊन लागूं लागल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. ‘विन्क्रिस्टिन’ व ‘पॅक्लिटॅक्सेल’ या औषधांनीं पायांचे तळवे बधिर होतात. अशा माणसानें अनवाणी चालूं नये आणि रात्रीं उजेडाशिवाय उठूं नये. ‘ब्लिओमायसिन’ हें औषध फुप्फुसांना बाधूं शकतें. पुढें दुसऱ्याच कारणासाठीं शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देणाऱ्या डॉक्टराला त्याची आगाऊ कल्पना असणें अगत्याचें असतें, कारण प्राणवायूचें प्रमाण तो त्या दृष्टीनें जपून ठरवितो. कांहीं औषधांनीं संततीची शक्ति कमी होते. तरुण पुरुषाचें वीर्य किंवा स्त्रीचीं बीजांडें उपचारापूर्वीं गोठवून ठेवण्याची सोय आतां मोठ्या शहरांत आहे; पण ती गोष्ट उपचार सुरू होण्यापूर्वींच विचारली पाहिजे, नंतर विचारून उपयोग नाहीं. याशिवाय मनाचाहि भाग आहे. साधा खोकला आला, डोकें दुखलें, कीं रोग उलटला असें वाटून पोटांत गोळा उठतो. हें भ्याडपणाचें लक्षण नव्हे. जो एकदां त्या दारापर्यंत जाऊन आला आहे, त्याला तें दार आठवणारच.

हें सारें ऐकून कोणी असें समजूं नये कीं, बरा झालेला प्रत्येक माणूस या विकारांनीं पछाडला जातो. खरें प्रमाण काय तें मोजण्याचें काम अमेरिकेंत १९९४ मध्यें सुरू झालें. १९७० ते १९८६ या काळांत बालपणींच्या किंवा कुमारवयांतील कर्करोगावर उपचार होऊन निदानानंतर पांच वर्षें जगलेल्या हजारों व्यक्तींची माहिती जमवून त्यांची त्यांच्याच भावंडांशीं तुलना करण्यांत आली. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत १०,३९७ रोगमुक्त व्यक्ति आणि ३,०३४ भावंडें होतीं. रोगमुक्तांपैकीं शेंकडा ६२ जणांना निदान एक तरी जुनाट विकार होता, आणि शेंकडा सुमारें २७ जणांचा विकार गंभीर स्वरूपाचा होता. गंभीर विकाराचा धोका भावंडांपेक्षां आठपट होता. आंकडे भय वाटण्यासारखे आहेत. पण त्यांचा दुसरा अर्थहि आहे. हे उपचार जुन्या काळचे, मोठ्या मात्रांचे होते. आणि अशाच मोजदादींतून मिळालेल्या ज्ञानानें उपचारच बदलले. डॉक्सोरुबिसिनच्या एकूण मात्रेवर बंधन आलें. हृदयाला जपणारें ‘डेक्सराझोक्सेन’ हें औषध जोडीला मिळालें. हॉजकिनच्या रोगांत किरणांचें क्षेत्र व मात्रा दोन्ही घटविलीं. ज्या सेंट ज्यूड रुग्णालयानें डोक्यावर किरण देण्याची पद्धति रूढ केली, त्याच रुग्णालयानें २००० सालीं सुरू केलेल्या उपचारक्रमांत रक्ताच्या कर्करोगासाठीं ते किरण सर्वस्वीं वगळले, आणि तरीहि मुलें बरीं झालीं. काखेंतील सगळ्या गांठी सरसकट काढण्याऐवजीं प्रथम एक-दोन गांठी तपासून मग निर्णय घेण्याची रीत पडली. बालपणीं उपचार घेऊन पांच वर्षें जगलेल्यांपैकीं पुढील काळांत दगावणाऱ्यांचें प्रमाण १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांच्या मानानें १९९० नंतरच्या उपचारांत जवळजवळ निम्म्यावर आलें. पूर्वींच्या रुग्णांनीं आपली प्रकृति पुनःपुन्हां तपासूं दिली, म्हणून पुढच्यांचा मार्ग सुकर झाला.

भारतांतहि हें काम बरेंच आधीं सुरू झालें. टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९९१ मध्यें डॉ. पूर्णा कुरकुरे यांनीं, उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांसाठीं एक स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. रोग नसलेल्या मुलांना रुग्णालयांत कशाला बोलवावयाचें, असें वाटण्याच्या त्या काळांत, हीं मुलें वाढतात कशीं, शिकतात कशीं, त्यांचें हृदय कसें आहे, लग्नाचें व नोकरीचें काय, हें तेथें वर्षानुवर्षें पाहिलें जाऊं लागलें. १९५१ मध्यें स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयानें २००९ मध्यें ‘उगम’ नांवाचा, बालपणीं कर्करोगांतून बऱ्या झालेल्या तरुणांचा गट निघाला. रोगांतून उठलेल्यांनीं तोंड न लपवितां एकत्र यावें, हीच त्यांतील विशेष गोष्ट आहे.

कारण खरी अडचण येथेंच आहे. कर्करोग बरा झाला कीं अनेक घरांतून पहिलें काम होतें तें त्याचा मागमूस पुसून टाकण्याचें. रुग्णालयाची फाइल गांठोड्यांत बांधून माळ्यावर जाते, नाहींतर जाळली जाते. मुलगी असेल तर विशेषच. उद्यां हिचें लग्न व्हावयाचें आहे, लोकांना कळलें तर कोण करून घेईल, ही आईबापांची चिंता खोटी नाहीं. कित्येकदां तर मुलीलाच तिच्या रोगाचें नांव सांगितलें जात नाहीं. लहानपणीं ‘मोठा ताप’ आला होता, एवढेंच तिला ठाऊक असतें. पण ज्या मुलीला आपल्या छातीवर किरण पडले होते हें माहीत नाहीं, ती पंचविसाव्या वर्षीं तपासणीला जाणार कशी? ज्या सुनेनें लाल औषध घेतल्याचें सासरीं कोणालाच ठाऊक नाहीं, तिची धाप कोण ओळखणार? लग्न जमावें म्हणून लपविलेली गोष्ट पहिल्या बाळंतपणांत तिच्या जिवावर बेतूं शकते. अर्थात् गांवभर दवंडी पिटावी असें कोणी म्हणत नाहीं. परंतु स्वतः त्या व्यक्तीपासून, तिच्या जोडीदारापासून आणि तिच्या डॉक्टरांपासून ही माहिती लपविणें म्हणजे तिच्या संरक्षणाचें साधनच काढून घेणें होय. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. बालपणींच्या कर्करोगांपैकीं बहुतेक आनुवंशिक नसतात. डोळ्याच्या कर्करोगाचा एक प्रकार व तत्सम थोडे अपवाद आहेत, आणि त्यांविषयीं डॉक्टर आधींच सल्ला देतात. बऱ्या झालेल्या माणसांच्या मुलांत जन्मजात व्यंगें अधिक असतात असें मोठ्या पाहण्यांत आढळलेलें नाहीं. ज्या भयानें लपवालपवी चालते, तें भय पुष्कळ अंशीं अज्ञानाचें आहे.

मग करावयाचें काय? उपचार संपल्यावर रुग्णालयाकडून उपचाराचा सारांश एका-दोन पानांवर लिहून मागावा. त्यांत रोगाचें नेमकें नांव, निदानाची तारीख, दिलेल्या प्रत्येक औषधाचें नांव व एकूण मात्रा, किरण कोठें व एकंदर किती दिले तें, शस्त्रक्रिया कोणती झाली तें, आणि पुढें कोणत्या तपासण्या किती वर्षांनीं कराव्या तें असावें. मूळ कागद घरीं जपावा, एक प्रत नात्यांतील भरंवशाच्या माणसाकडे द्यावी, आणि छायाचित्र मोबाइलमध्यें ठेवावें. जुन्या रुग्णांनीं फाइल हरवली असली तरी निराश होऊं नये. रुग्णालयांत जुनें दप्तर सांपडण्याचा संभव असतो, आणि जितक्या लवकर विचारावें तितका तो अधिक. दंतवैद्य असो, बाळंतपणाचा डॉक्टर असो, कीं चष्म्याचा असो, प्रत्येक नव्या डॉक्टराला पहिल्या भेटींतच तो कागद दाखवावा. ज्याच्या छातीवर किरण पडले आहेत त्यानें तंबाखूला कधींहि शिवूं नये, कारण दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढवितात. रक्तदाब, साखर आणि वजन आटोक्यांत ठेवावें. आधींच ओझें वाहणाऱ्या हृदयावर आणखी ओझें घालूं नये. आणि एक गोष्ट कोणीहि विसरूं नये. वीस वर्षांनीं होऊं शकणाऱ्या त्रासाच्या भयानें आजचा उपचार नाकारणें हा आत्मघात होय. ते वीस वर्षांचें आयुष्य त्या उपचारानेंच मिळावयाचें असतें.

महाराष्ट्रांतील घराघरांत सातबाराचा उतारा, घराचें खरेदीखत आणि मुलांच्या जन्मपत्रिका फडक्यांत बांधून जपून ठेवण्याची चाल आहे. कर्करोगांतून बऱ्या झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या उपचाराचा कागद त्याच फडक्यांत ठेवावा, आणि तें मूल वाचण्या-समजण्याच्या वयाचें झालें म्हणजे तो त्याच्या हातांत देऊन, तें कोणत्या रोगांतून वांचलें आणि पुढें कशाला जपावयाचें, हें त्याला स्पष्ट शब्दांत सांगावें.